हातांनी बोलणारा शमशुद्दीन

कबनूरच्या त्या कापड कारखान्यात मागांचा खडखडाट एवढा, की कानाला तोंड लावून बोंबललं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. चहाला एक खूण, तुटल्या धाग्याला दुसरी. आणि दोन्ही हात उंच केले की मोटर बंद करा, माणूस पट्ट्यात सापडलाय. या बोलण्यात शमशुद्दीन उस्ताद. तीस वर्षं माग चालवता चालवता पठ्ठ्यानं हातांनीच गावाच्या कुचाळक्या केल्या. समोर सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकोशी, नजीराशी, हातांनीच भांडला आणि हातांनीच समजूतही काढली.

रमजान ईद झाल्यावर एका दुपारी तो चालू मागापुढं थिजून उभा राहिला. डोळ्यांना धार लागलेली. घरी आल्यावर म्हणाला, सगळा आवाज थांबला होता, मी पण थांबलो होतो, आणि मग जे होतं ते... पुढं जीभ अडली. उजेड म्हणाला, लगेच छे म्हणाला. गल्ली ऐकायला जमली. पण दरवेळी सांगून झालं की गडी घाबराघुबरा व्हायचा. सांगितलं की तेवढं पुसलं जातंय, म्हणायचा. मग त्यानं सांगणं सोडलं, मग बोलणं, शेवटी हातही गप्प झाले. लोक त्याला अवलिया मानायला लागले. नजीराला मात्र त्याचं काही नव्हतं. तिला आपला तोंडाळ नवरा परत पाहिजे होता, बस्स.

एका सोमवारी तिची ओढणी मोटरच्या पट्ट्यात गेली. गळ्याला फास बसला. शमशुद्दीन समोरच उभा, तिच्याकडंच बघत. तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं. ते हलले नाहीत. तो नुसता बघत राहिला, शांत, मायेनं, आणि त्या मायेचंच तिला जास्त भ्या वाटलं. पलीकडच्या मागावरच्या कृष्णातनं दोन्ही हात उंच केले, तेव्हा कुणीतरी मोटर बंद केली.

कारखाना गप्प झाला. नजीरा गळा चोळत उठली. सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "तुमास्नी जे काय गावलंय, त्यात मी हाय का?"

दोन महिन्यांनी त्याचे ओठ हलले.

"न्हाईस."

बोलून या वेळी तो घाबरला नाही. हा शब्द बरोबर बसला होता.

संध्याकाळी नजीरा पिशवी भरून लेकीकडं, वारणानगरला निघाली. शमशुद्दीन दारात उभा होता. त्यानं अडवलं नाही.