सोमवारचे मेलेले उंदीर

मी संशयी आहे हे मला मान्य नाही. ते माझी बायको पसरवते. पण त्या हिवाळ्यातली हकिगत सरळ तिच्या बाजूनं जाते, म्हणून ती आजवर तिच्यापासून लपवून ठेवली.

तेव्हा मी औरंगाबादच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचं संशोधन करत होतो. संशोधन म्हणजे चोवीस पांढरे उंदीर, आणि त्यांना सांभाळणारे चाचा. चाचा कित्येक वर्षं रोजंदारीवर होते. त्यांना कायम करायचा कागद त्याच महिन्यात विभागप्रमुखांच्या टेबलावर येऊन पडला होता, सही तेवढी बाकी होती.

आणि मला वाटू लागलं की उंदरांचा हरभरा कमी होतोय. पुरावा काही नव्हता. चाचांच्या सदऱ्याचा खिसा फुगलेला दिसला की वाटायचं, हरभरा आहे. सपाट दिसला की वाटायचं, घरी पोचवून आले. शेवटी डब्याला कुलूप घातलं आणि चावी माझ्या खिशात. वर हुकूमही सोडला, "बाहेरचा एक दाणा पिंजऱ्यात पडता कामा नये. प्रयोग बिघडतो."

शनिवारी दुपारी मी देवगाव रंगारीची एसटी धरायचो, घरी. सोमवारी सकाळी परत. पहिल्याच शनिवारी चाचा म्हणाले, "साहेब, चावी ठेवून जा ना. इतवारला जनावर काय खाईल?"

"घातलंय की भरपूर."

मनात म्हटलं, बघा, कसा डोळा आहे चावीवर! भरपूर म्हणजे किती घातलं होतं, ते मात्र मी मनातसुद्धा विचारलं नाही.

सोमवारी उतरलो तेव्हा थंडी लई होती. पिंजऱ्यात तीन उंदीर गोळा होऊन पडलेले. हात लावला तर शहाबादी फरशीसारखे गार. मी मृत्यूची नोंद करायचं रजिस्टर आणायला ऑफिसात गेलो, तिथं चहा निघाला, गप्पा निघाल्या. तासाभरानं परत येतो तर चाचा खिडकीतल्या उन्हात ओंजळ धरून बसलेले, आणि पिंजऱ्यात तेवीस उंदीर हुंदडतायत. चोविसावा त्यांच्या ओंजळीत मिशा हलवत होता.

"ते तीन मेलेले कुठं गेले?"

"मेलेच नव्हते साहेब. उठले."

मी काय दूधखुळा होतो? मेलेले फेकायचे, बाजारातल्या पक्षीवाल्याकडून जिवंत आणून ठेवायचे, म्हणजे आपल्यावर ठपका नको. मला सगळं लख्ख दिसलं.

पुढच्या शनिवारी मी गुपचूप एकेका उंदराच्या पोटावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. सोमवारी पुन्हा चार गार, पुन्हा तासाभरानं चारही टुणटुणीत. उलटे करून पाहिले. ठिपका होता! शहाणा माणूस इथं वरमला असता. मी असा निष्कर्ष काढला की चाचांना माझी रंगाची बाटली सापडली. त्याच दुपारी चोरी आणि अदलाबदलीचा अर्ज लिहून प्रमुखांना दिला.

प्रमुखांनी तो माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवला. तिसऱ्या सोमवारी मी पोचलो तर मॅडम थर्मामीटर घेऊन पिंजऱ्यापाशी बसलेल्या, पुढ्यात एक गार उंदीर.

"हा खोलीच्या हवेपेक्षा जरासाच गरम आहे. श्वास बघ याचा."

मी बघितला. बराच वेळ काही नाही, मग छाती किंचित हलली. पुन्हा बराच वेळ काही नाही. दोन आठवडे मी एवढासुद्धा थांबलो नव्हतो.

"खाणं कधी घातलं?"

"शनिवारी दुपारी. साहेबांनी," चाचा म्हणाले.

"आणि काल?"

चाचा खाली बघू लागले. "काल चावी देवगावला होती."

मॅडमनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून पाठ आहे. मग त्यांनी समजावून सांगितलं. एवढ्याशा जिवाच्या अंगातली ऊब भराभर निघून जाते. ती टिकवायला त्याला सारखं खावं लागतं. बाहेर थंडी आणि पोट रिकामं, असं झालं की मेंदूच्या बुडाशी असलेला हायपोथॅलॅमस ऊब राखायची पातळीच खाली आणतो. काळीज मंदावतं, श्वास लांबतो. मग तोच मेंदू हुकूम सोडतो, पाठीतली तपकिरी चरबी जळू लागते, अंग थरथरतं आणि गडी उठून बसतो. पुढं कधीतरी मी वाचलं, मेंदूच्या त्या भागातल्या मोजक्या पेशी चेतवल्या तर पोटभर खाल्लेला उंदीरही गार पडतो. तेव्हा मात्र त्या पेशी चेतवणारा मीच होतो, कुलूप लावून.

मी धावत प्रमुखांकडं गेलो. "सर, अर्ज परत घेतो. चूक माझी आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चाचानं काय दिलं तुम्हाला?"

"काही नाही सर! उंदीर मेलेच नव्हते, त्यांच्या मेंदूनं—"

"कालपर्यंत तो चोर होता. आज मेलेले उंदीर उठायला लागले. त्याच्या गावाकडचा माणूस येऊन भेटला का कुणी?"

माझ्याइतका संशयी माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता, आणि त्याच्या पेनखाली चाचांचा कागद होता. शेवटी त्यांचा हात धरूनच त्यांना पिंजऱ्यापाशी आणलं. गार उंदीर त्यांच्या तळहातावर ठेवला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. प्रमुख घड्याळ बघायला लागले. मग उंदराची पाठ थरथरू लागली. थरथर वाढत गेली, डोळे उघडले, आणि पूर्ण जागा झाल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते सरांच्या अंगठ्याला चावण्याचं.

"जिवंत आहे," सर म्हणाले.

माझ्याकडून त्यांनी दुसरा अर्ज लिहून घेतला, 'उंदीर मीच उपाशी ठेवले', आणि दुखऱ्या अंगठ्यानंच चाचांच्या कागदावर सही केली.

चाचा कायम झाले. मला चहा पाजला. फक्त त्या दिवसापासून मी उंदरांच्या खोलीत शिरलो की ते दारात येऊन उभे राहायचे, आणि मी बाहेर पडल्यावर आधी उंदीर मोजायचे.