शेवटची पानं शिवून देणाऱ्या सरोजबाई

मार्थाचा फोन आला तेव्हा मी पिशवी भरत होते. रविवारच्या एसटीनं नांदेडला जायचं ठरलं होतं. पिशवीत सरोजबाईंसाठी केलेली शेंगदाण्याची चटणी होती आणि तिच्याखाली जुन्या सुती कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक होतं. मार्था म्हणजे बाईंची भाची, शेवटची कित्येक वर्षं बाई तिच्याकडेच राहायच्या. "काकू, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. "रविवारी येणार होते गं मी," असं मी तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले. फोन ठेवल्यावर मी चटणीची बरणी बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली, परत काढली... या वयात माणसं जाणारच, हे मला कळतं. पण बाईंनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती पिशवीतच राहिली, हे काही केल्या गळ्याखाली उतरत नाही.

सरोजबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते मुखेडला, मोठ्या दुष्काळात. मी तेव्हा शाळकरी पोर. वडलांचं किराणा दुकान होतं, पण दुकानात विकायला फारसं काही नव्हतं आणि घ्यायला कोणी नव्हतं. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं होतं, आयाबाया तिकडे जायच्या आणि पोरं शाळेच्या आवारात सुकडीच्या, म्हणजे सरकारी भाजक्या पिठाच्या खाऊच्या, रांगेत उभी राहायची. नांदेडच्या मिशनच्या शाळेतून काही शिक्षक मदतीला आले होते, त्यात बाई होत्या. मूळच्या मुदखेडच्या, वडील रेल्वेत. काटकुळ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, आणि आवाज असा की रांगेच्या शेवटच्या पोरालाही वाटावं, आपल्याच कानात बोलतायत. त्यांच्याकडे पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती, ती ठेवायला त्यांनी आमच्या दुकानाची ओसरी मागितली आणि अशा रीतीनं ती पेटी, बाई आणि मी एकमेकींना चिकटलो.

सुकडी वाटून झाली की बाई पोरांना गोष्ट वाचून दाखवायच्या. नाताळच्या गोष्टी, हरवून सापडलेल्या लेकरांच्या, सावत्र भावाला माफ करणाऱ्या पोराच्या. एका गोष्टीत बर्फ पडत होता. बर्फ म्हणजे काय, तर आभाळातून पाणी पडतं पण ते गोठून पडतं, असं बाईंनी सांगितलं. मग एकानं विचारलं, "बाई, त्यांच्याकडं आभाळातून पाणी बी पडतं, आन् वर गोठून पडतं?" बाई हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांना पुढचं वाचवेना. गोष्ट अर्धीच राहिली. दुसऱ्या दिवशी रांगेत कधी न येणारी पोरंसुद्धा आली, प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःचा शेवट तयार. तिथून त्यांना गोष्ट अर्धी ठेवून पोरांना शेवट विचारायची खोड लागली.

पुढे ती खोड सगळ्या लातूरला ठाऊक झाली. मी लग्न होऊन लातूरला आले. आमचं लिंगायत व्यापाऱ्याचं घर, कापडाचं दुकान. काही वर्षांनी लातूर जिल्हा झालं. पाट्या नव्यानं रंगल्या, कचेऱ्या आल्या, साहेब आले, घरभाडी वाढली आणि ज्यांना काल कोणी विचारत नव्हतं ते लोकही "आता आपण जिल्ह्याचे" म्हणून ताठ चालायला लागले. त्याच सुमारास बाईंची बदली इकडे झाली. चर्चच्या आवारातल्या एका खोलीत त्यांनी तीच पत्र्याची पेटी उघडली आणि संध्याकाळी मुलांना पुस्तकं द्यायला सुरुवात केली. पुस्तक द्यायच्या आधी त्या शेवटच्या पानांना बाहेरच्या कडेनं पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके घालायच्या. मुलानं टाक्यापर्यंत वाचायचं, बाईंसमोर उभं राहायचं आणि पुढे काय व्हावं ते सांगायचं. मग बाई डब्यातून छोटी कात्री काढून टाके कापायच्या आणि पुस्तक परत त्याच्या हातात द्यायच्या. बरोबर-चूक असं काही नसायचं. फक्त दुसऱ्याचा शेवट उचलून आणलेला त्यांना चालत नसे. "हे तुझं न्हाई, हे शेजारच्या बाळूचं हाय. जा, तुझं घेऊन ये," म्हणून परत पाठवायच्या.

पुस्तक सुचवायची त्यांची रीतही निराळीच. नव्या जिल्ह्यातल्या एका साहेबांच्या बायको मोटारीतून आल्या आणि मुलासाठी संस्कार करणारं काहीतरी प्रेरणादायी द्या म्हणाल्या. बाईंनी विचारलं, "मुलगा रात्री कुणाजवळ झोपतो?" त्या बाई चपापल्या. त्यांना वाटलं असेल, ही काय विचारते! पण बाईंचा सगळा हिशेब त्यावर होता. आजीजवळ झोपणाऱ्याला त्या भीतीच्या गोष्टीही बिनधास्त द्यायच्या, एकट्या झोपणाऱ्याला कुत्र्या-मांजरांच्या, आणि ज्याची आई नाही त्याला आई मरते अशी गोष्ट चुकूनही नाही. त्या साहेबांच्या मुलाला त्यांनी दोन भावांच्या भांडणाची गोष्ट दिली. तो पुढे रोज यायला लागला.

आमच्या घरी मात्र हे सरळ झालं नाही. सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो. गळ्यात लिंग, रोजची पूजा, आणि तोंड असं की दुकानातले नोकर मागच्या दारानं यायचे. माझी उमा नऊ वर्षांची झाली तशी मी तिला बाईंकडे पाठवायला लागले. अव्वा म्हणाल्या, "ती किरिस्ताव बाई पोरांला बाटवून राहिली, आन् तू आपल्या हातानं लेक धाडून राहिली व्हय?" मी म्हटलं, तुम्हीच एकदा येऊन बघा. अव्वा आल्या, खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, आत नाही गेल्या. आत एक पोरगं गोष्टीचा शेवट सांगत होतं. अव्वांनी तो पूर्ण ऐकला. रात्री जेवताना म्हणाल्या, "त्या गोष्टीतल्या पोरानं मास्तराला लौकर माफ केलं. मी नसतं केलं." त्यानंतर उमाच्या पुस्तकांची सगळ्यात जास्त चौकशी अव्वाच करायच्या.

उमा शेवट सांगण्यात पटाईत होती. तिच्या गोष्टीत कुणी उपाशी राहत नसे. कितीही वाईट माणूस असो, शेवटी त्याला पंगतीत बसवायची. बाई म्हणायच्या, "ही तुझी लेक एक दिवस सगळ्या सैतानांला वरण-भात वाढंल." त्या वर्षी पावसाळा संपता संपता बाईंनी तिला एक पातळ पुस्तक दिलं. डोंगरातल्या एका गावात नाताळच्या आदल्या रात्री एक पोरगं कंदील घेऊन निघतं. घरी आई तापानं फणफणलेली, खालच्या गावातून डॉक्टरला आणायचं. बर्फ पडतोय. वाटेत एक म्हातारा पडलेला दिसतो, अजून जिवंत. थांबावं की जावं? बरोबर तिथे बाईंचा टाका होता. उमा दोन दिवस ते पुस्तक घेऊन घरभर फिरली. एरवी चटकन शेवट करणारी पोर, या वेळी अडली. "आई, त्यानं काय करावं गं?" मी म्हटलं, तुझं तू ठरव, मी सांगितलं तर बाई परत पाठवतील. ती अव्वांजवळ गेली, अव्वा म्हणाल्या, "म्हाताऱ्याला कंदील दे म्हणावं." उमाला ते पटलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला.

त्या तापाबद्दल मी लिहिणार नाही. डॉक्टर आले, औषधं झाली, जे करायचं ते सगळं केलं. माझी उमा गेली. पुस्तक तिच्या उशाखाली होतं, टाके जसेच्या तसे.

त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली. जो तो काही ना काही वाचायला आणून देत होता. पोथ्या, संतांची चरित्रं, दुःख कसं सोसावं हे सांगणारी पुस्तकं. मला त्या सगळ्यांची चीड यायची. सरोजबाई रोज संध्याकाळी यायच्या आणि रिकाम्या हातानं यायच्या. जन्मभर ज्याला-त्याला पुस्तक देणारी बाई, माझ्या घरी एक ओळ घेऊन आली नाही. स्वयंपाकघरात अव्वांच्या शेजारी बसायच्या, ताटात डाळ घेऊन निवडत राहायच्या. अव्वांनी आपल्या स्वयंपाकघरात परजातीचं माणूस कधी बसू दिलं नव्हतं, पण त्या दिवसांत दोघी एकाच ताटातली डाळ निवडायच्या. एका संध्याकाळी मी ते पुस्तक बाईंसमोर धरलं, म्हटलं, "हे तुमचं." त्यांनी अंगठ्यानं टाके चाचपले. "तिनं काही सांगितलं होतं का?" मी मानेनंच नाही म्हटलं. बाईंनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "मग राहू दे," म्हणाल्या. पुस्तक टाक्यासकट कुणाच्या घरी राहिलेलं बाईंना खपत नसे. माझ्याकडचं मात्र त्यांनी पुढे कधीही मागितलं नाही.

वर्षं गेली. अव्वा गेल्या, आमचे हे गेले, बाई निवृत्त होऊन नांदेडला मार्थाकडे विष्णुपुरीच्या वाटेवरच्या घरी राहायला गेल्या. मी वर्षातून दोन-तीनदा जायचे. काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. गेल्या खेपेला वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर दोऱ्याचा डबा, उगाच दोरे गुंडाळत. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "शिवकांता, त्या पोराचं काय झालं गं?"

"कोणत्या पोराचं?"

"कंदीलवाल्या. मला आठवून नाही राहिलं. पुढच्या खेपेला सांगशील?"

मी म्हटलं, पुस्तकच घेऊन येते, वाचून दाखवते. त्यांनी माझा हात सोडला नाही बराच वेळ... एसटीत बसल्यावर मला हुंदका आवरला नाही. बाई गोष्टी विसरायला लागल्या, म्हणजे आता फार दिवस नाहीत, असं वाटलं मला.

बाईंच्या मातीला गेले तेव्हा पिशवी बरोबर होती, पण गर्दीत कुणापाशी काय बोलणार. परवा बाईंच्या स्मरणाची प्रार्थना होती, म्हणून पुन्हा गेले. सगळे पांगल्यावर मार्थाला म्हटलं, बाईंना एक गोष्ट ऐकायची होती, ती राहिली. कोणती, तिनं विचारलं, मी सांगितलं. मार्था माझ्याकडे बघतच राहिली. "कंदीलवाल्या पोराची? काकू, ती तर आत्या अगदी शेवटच्या आठवड्यातही आमच्या गल्लीतल्या लेकरांला सांगत होती. शब्द न् शब्द पाठ होती तिला."

मार्था चहा ठेवायला आत गेली. मी त्या खोलीत एकटीच. वेताची खुर्ची तशीच खिडकीकडे तोंड करून, बसक्या गादीवर बाईंच्या अंगाचा खळगा. त्या विसरल्या नव्हत्या. इतकी वर्षं थांबल्या होत्या आणि शेवटी, लेकीनं नाही तर नाही, आईनं तरी गोष्टीचा शेवट सांगावा म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. मी पुस्तक कापडातून सोडवलं आणि मुलं उभी राहायची तशी खुर्चीसमोर उभी राहिले. या वयात, पाय दुखत असताना. म्हटलं, "बाई, मला त्या म्हाताऱ्याचं काही ठाऊक नाही. डॉक्टर मिळाला नाही तरी चालेल. त्या आईला औषध नको, काही नको. पोरगं घरी यावं. उशिरा यावं, भिजून यावं, पण त्यानं दार वाजवावं आणि आईनं उठून उघडावं. एवढंच."

मार्था दारात कप घेऊन उभी होती. ती बाईंच्याच हाताखाली वाढलेली, तिला नियम माहीत. कप खाली ठेवून तिनं दोऱ्याच्या डब्यातून छोटी कात्री काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, पण हात पुढे होईना. टाके नेहमी बाईच कापायच्या.

पुस्तक आणि कात्री दोन्ही घरी आणलीत. एका कापडात ठेवलीत. टाके अजून तसेच आहेत.