लालीबाईची डॅनिश शिकवणी

आर्णीजवळच्या बंजारा तांड्यातली बबिता नर्सिंग शिकलेली. डेन्मार्कमधल्या एका वृद्धाश्रमात काम मिळायची संधी होती, पण त्याआधी तिथली भाषा बोलता यायला हवी. पहिल्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली होती. शनिवारची संधी शेवटची.

ती सगळं पुस्तकातून पाठ करायची. आपल्याकडे लिहिलं तसं बोलतात. डॅनिशमध्ये निम्मी अक्षरं घशातच राहतात. ‘रात्री झोप लागली का?’ एवढं विचारतानाही ती अक्षर न् अक्षर उच्चारायची आणि मोबाईलच्या पडद्यावर डॅनिश शिकवणाऱ्या मेटेबाई कपाळाला हात लावायच्या.

शेजारच्या लालीबाईच्या कानावर हे रोज पडत होतं. लग्न ठरलेल्या मुलींना ढावलो, म्हणजे सासरी निघताना रडत गायचं गाणं, तांड्यात तीच शिकवायची. बबितासकट सगळ्या मुली तिला ‘याडी’, म्हणजे आई, म्हणायच्या.

“काय वाचून राह्यली, छोरी? ढावलो कोनी वाचून शिकते काय?”

“याडी, हे गानं नोहे. परीक्षा हाये.”

“रडावं तं दोन्हीत लागते. ठेव ते पुस्तक.”

लालीबाईनं पाय पसरले आणि बबिताचा हात आपल्या खांद्यावर ठेवून घेतला, ढावलो शिकताना ठेवतात तसा. मोबाईलवर मेटेबाईंचं वाक्य लागलं की आधी लालीबाई म्हणायची, मग बबिता. अर्थ लालीबाईला कुठला कळायला! ती चाल धरायची. चुकायचीही. मग दोघी खिदळत पुन्हा लावायच्या.

शनिवारची परीक्षा मोबाईलवरच होती आणि घेणार होत्या मेटेबाईच. बबितानं लालीबाईला शेजारीच बसवलं. मेटेबाईंनी विचारलं, “सकाळी आजीबाईंना उठवायला गेलीस. काय म्हणशील?”

बबिताचं डोकं एकदम कोरं. हात आपोआप लालीबाईच्या खांद्यावर गेला, डोळे मिटले आणि झोपेचं ते वाक्य तोंडातून आलं. पण आलं ते ढावलोच्या चालीत, लांबवत, शेवटी हुंदका देऊन.

मेटेबाई घाबरल्याच. “काय झालं? रडतेस का?”

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. बबिता अडखळत, पण डॅनिशमध्येच सांगू लागली. मी रडत नाही. आमच्याकडे लग्नाआधी मुली रडत गायचं गाणं असंच शिकतात. ही माझी याडी. तुमची भाषा मला हिच्या खांद्यावर हात ठेवून आली. मेटेबाई विचारत गेल्या, ती सांगत गेली.

शेवटी मेटेबाई हसल्या. “परीक्षा केव्हाच झाली. पास आहेस. आणि याडींना माझे आभार सांग.”

“काय म्हनते ते?” लालीबाईनं विचारलं.

“पास केलं, याडी! अन् तुले धन्यवाद देते.”

“मले कायले? माह्यं काम तं अर्धंच झालं. तू निघशीन तवा पुरा ढावलो लागन. तो कोन म्हनन, ते बाई?”

बबिताच्या डोळ्यांत आता खरंच पाणी आलं. तिनं मोबाईल बंद केला आणि लालीबाईच्या खांद्यावरचा हात न काढता पहिली ओळ ऐकायला बसली.