मोकळी लाइन

रोज सकाळी चहाच्या आधी शरच्चंद्र फोनचा रिसीव्हर उचलायचे, कानाला लावायचे आणि "मोकळी आहे" म्हणून परत ठेवायचे. रहाटणीतल्या त्या घराचा फोन बंद पडून सहा वर्षं झाली होती. रस्ता खोदताना तुटलेली वायर पुन्हा कुणी जोडली नाही. आतून काहीच ऐकू यायचं नाही. त्यांची मुलगी सुखदा स्वयंपाकघरात चहा गाळत असायची. ते दोन शब्द ऐकले की तिचा हात थांबायचा.

दोन हजार दोनमध्ये घरातलं इंटरनेट याच फोनवरून चालायचं. मधेच कुणी रिसीव्हर उचलला की सगळं पहिल्यापासून. म्हणून सुखदाने फोनवर चिठ्ठी चिकटवली होती: 'नेट चालू. उचलू नये.'

त्या रविवारी मृदुला, तिची आई, देहूला बहिणीकडे गेली होती. जर्मनीहून वरदने, सुखदाच्या भावाने, तान्ह्या मुलीचा फोटो पाठवला होता. तो वरून खाली, रेघेरेघेने उतरत होता. जावळ आलं. कपाळ आलं. शरच्चंद्र फोनपाशी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले.

"चाकणच्या कंपनीतून मोठ्या साहेबांचा फोन आला तरी आज उचलणार नाही."

"येणारच नाही बाबा. एंगेज लागेल त्यांना."

दोघंही हसले.

फोटो नाकापर्यंत आला आणि दाराची बेल वाजली. बाहेर घामाने निथळलेला अनोळखी माणूस.

"मी अकबर. देहूला माझं फोनचं बूथ आहे. काकू दुकानासमोर चक्कर येऊन पडल्या. त्यांच्या डायरीतला नंबर पाऊण तास लावतोय, एंगेजच! शेवटी त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि डायरीतला पत्ता बघून स्कूटर काढली. सारख्या म्हणत होत्या, ह्यांना बोलवा."

दोघं दवाखान्यात पोचले, तेव्हा चादर वरपर्यंत ओढलेली होती.

परत आल्यावर शरच्चंद्रांनी नखाने ती चिठ्ठी सोलून काढली. त्या दिवसाबद्दल ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं सुखदाला वाटायचं. घर शांत झालं की तिच्या कानात तो एंगेजचा आवाज सुरू व्हायचा, आईला ऐकू गेला असेल तसा.

तेवीस वर्षांनी एका सकाळी तिने वरदशी बोलून मोबाइल खाली ठेवला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, चिठ्ठी मी लावली होती. तुम्ही मला कधीच काही बोलला नाहीत."

त्यांनी रिसीव्हर सावकाश जागेवर ठेवला. फोनवरचा रुमाल नीट केला.

"पहाऱ्याला मी बसलो होतो गं."

त्या दुपारी जेवून ते पडले, ते उठलेच नाहीत. पण झोपायला जाताना ते दारात थांबले होते, आणि तिच्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाले होते, "चार्जिंगला लाव तो. बंद पडायला नको."