मेणाची टिकली

"थांब, आंगात किती हाय पाहू दे."

असं म्हणून आपा हाताची पालथी बाजू लावायची. लेकराचं कपाळ असो, दुधाचं पातेलं असो, की रेडिओला जोडायचा पत्र्याचा डबा असो. तळहात कधीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तळहात कामानं मरून गेला, पोरी. पालथा अजून जिता हाय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं सगळं शहाणपण एका सवयीत मावतं. आपाचं तसंच होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगते. वाशीम तेव्हा जिल्ह्याचं गाव नव्हतं, अकोल्यात मोडायचं. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा समोरच्या घराच्या पुढच्या खोलीत आपाचं दुकान होतं. दुकान खरं म्हणजे तिच्या नवऱ्याचं. रेडिओ दुरुस्तीचं. पण त्यांची नजर अधू होत गेली, तशी तार आणि तारा सांधायची झारण आपाच्या हाती आली. मियाँ खुर्चीवर बसून फक्त ऐकायचे. "घरघर येऊन राह्यली, डाव्या अंगाची तार पाह्य," असं म्हणायचे, आणि आपा पाहायची. चार डोळ्यांचं काम दोन डोळे आणि दोन कान मिळून करत. भांडणंही तेवढीच. "तुमाले कानात बी मोतीबिंदू झाला का?" असं आपा ओरडली की मियाँ हसून विडी शिलगावायचे.

आता डबा म्हणजे काय ते सांगते, कारण नव्या लोकांना ठाऊक नसणार. तेव्हा रेडिओ सेलवर चालायचा. सेल संपले की लोक ते गच्चीवर उन्हात मांडून ठेवत, पापड वाळवावेत तसे. म्हणायचे, ऊन लागलं की थोडा जीव येतो. मग खेड्यापाड्यांत वीज पोचू लागली आणि एलिमिनेटर आला. पत्र्याची एक डबी, तिच्यात तांब्याच्या तारेचा गुंडाळा आणि दोनचार बारीक वस्तू. भिंतीतल्या विजेला हिसका देऊन गरीब करायची आणि रेडिओला पाजायची, एवढंच तिचं काम. सेल लागत नाहीत. आपा ते डबे घरी बनवायची. हातानं फिरवायच्या चाकावर तार गुंडाळायची, थराथरात कागद घालायची, आणि पत्र्याला बाजूंनी आणि वरून खिळ्यानं भोकं पाडायची. मला वाटायचं, शोभेची भोकं आहेत.

बाजारातला एक जैन सेठ ते डबे आपल्या दुकानात ठेवायचा आणि खेड्यांवर द्यायचा. आपाचं घर त्या डब्यांवर चालायचं.

डबा तयार झाला की आपा तो सकाळी रेडिओला लावून द्यायची. बातम्या झाल्या की पालथा हात. बायकांचा कार्यक्रम झाला की पालथा हात. दुपारची गाणी संपली, शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपला, की परत. आणि प्रत्येक वेळी मियाँना सांगायची, जसं कुणाला बाळंतिणीची खबर सांगतात. "उन्हातली भिंत." म्हणजे ठीक. "तापातलं पोर." म्हणजे लक्ष ठेवा. "चहाचा कप." म्हणजे आत कुठेतरी तार तारेला लागली, खोला. चौथी पायरी होती तवा. तव्यापर्यंत तिनं कुठलाच डबा जाऊ दिला नव्हता.

आणि मग इंझोरीचे डबे जळून परत यायला लागले.

इंझोरी माझं माहेर, म्हणून मला जास्तच टोचलं. पहिला आला तेव्हा आपानं वास घेतला, आतला काळा पडलेला कागद काढला, नवी तार गुंडाळून दिला. महिन्याभरात तोच परत. मग त्याच गावातला दुसरा. मग तिसरा. आपानं जाड तार घेतली, डबा वजनदार झाला. तोही जळला. आणि गंमत बघा, शेजारच्या धनजचे डबे चांगले चालत होते, वाशीमचे चालत होते. मरत होते ते इंझोरीचेच.

"तिकडची लाईट जास्त असन," मियाँ म्हणाले.

"एकाच फाट्यावरून दोन गावाले लाईट जाते. शेजारच्या गावचे काहून नाई जळत मंग?" आपा म्हणाली.

इंझोरीत कुणी तरी बोललं म्हणे, बाईमाणसानं गुंडाळलेली तार, ती किती टिकणार. ते बोलणं फिरत फिरत सेठच्या दुकानापर्यंत आलं. सेठ वाईट माणूस नव्हता. तो स्वतः गल्लीत आला, उंबऱ्याशीच उभा राहिला, आणि खाली पाहून म्हणाला, "आपा, मी तोंड देऊन राह्यलो गिऱ्हाइकाले. पण आता अजून एक डबा आला, तर मले बाहेरून मागवा लागन. मंग तुमचे नाई ठेवता येनार."

आपा "हो" म्हणाली. तो गेल्यावर तिनं चाकाजवळचा तयार डबा पुढ्यात ओढला. मग एकदम माझ्याकडे वळली.

"पोरी, तुह्या करंड्यातलं मेण दे वं जरासं."

कुंकू टिकावं म्हणून आम्ही कपाळाला आधी मेण लावायचो ना, ते मेण. तिच्या घरी कुंकू नाही, म्हणून मेणही नाही. मी बोटभर आणून दिलं. आपानं डब्याच्या माथ्यावर मेणाची टिकली लावली, बाजूला तुपाचा ठिपका दिला. म्हणाली, "तूप पाघळलं तं पाव्हणा आला समज. मेण पाघळलं तं चोर शिरला."

मियाँ म्हणाले, "वैशाखात तूप डब्यातच पाघळते, बेगम. तुमचा पाव्हणा तं आधीच मुक्कामी हाय."

त्या डब्यावर दिवसभर रेडिओ वाजला. तूप पाघळलं, मेण जसंच्या तसं. आत काहीच खोट नव्हती. खोट सापडली असती तर आपाला बरं वाटलं असतं. तिनं डबा फडक्यात बांधला आणि म्हणाली, "चाल, तुह्या माहेरी जाऊ. इथं निरोगी असनारं पोर तिथं जाऊन काहून मरते, ते डोयानं पाहून येऊ."

मंगरूळला गाडी बदलून आम्ही इंझोरीला गेलो. माझ्या काकूकडेच उतरलो, कारण पहिला जळका डबा तिचाच होता. काकूला काही कळवलेलं नव्हतं. डबा बनवणारी बाई स्वतः आली म्हटल्यावर तिची धांदल उडाली. "बसा, बसा, आपा," म्हणत ती आतल्या खोलीत पळाली. पदरानं काहीतरी पुसल्याचा आवाज आला. मग आम्हाला बोलावलं. भिंतीतल्या देवळीत रेडिओ, त्याच्याशेजारी डबा, दोन्ही लख्ख.

आपानं त्या जागी फडक्यातला आपला डबा जोडला, त्याच्यावर मेण लावलं, रेडिओ लावला आणि खाली बसली. एक कार्यक्रम झाला, पालथा हात. "उन्हातली भिंत." दुसरा झाला. "उन्हातली भिंत." चहा झाला, गावच्या गप्पा झाल्या. भिंत ती भिंतच.

आपाचा चेहरा उतरत चाललेला मी पाहत होते. परत जाऊन सेठला काय सांगणार? डब्यात खोट नाही, विजेत खोट नाही, मग खोट बाईच्या हातात, असंच लोक धरणार.

काकूनं जेवायला बसवलं. कळण्याची भाकर, ठेचा, वरण. काकू मधेच उठून आत जाऊन आली. आम्ही हात धुऊन ओसरीवर टेकलो, आणि आतून रेडिओचा आवाज घोगरा झाला. आपानं मान वर केली.

"वास येऊन राह्यला," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. मी मागोमाग.

देवळीत रेडिओशेजारी एक तान्हं बाळ बसलं होतं.

खोटं नाही सांगत. लाल छिटाचं टोपडं, हनुवटीखाली बंद बांधलेला, अंगात कापूस भरलेली कुंची. डब्याला नखशिखांत कपडे चढवलेले. काकूनं आम्ही जेवताना गुपचूप पुन्हा घातले होते.

आपानं कुंचीखाली पालथा हात सारला आणि झटकन मागे घेतला. "अवं माय! याले तं एकशे चार हाय!" टोपडं सोडलं. खाली मेणाची टिकली पार ओघळून पत्र्याच्या भोकात गेली होती. आपा भिंतीला टेकली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. ते सगळं पाणी हसण्याचंच होतं असं मला वाटत नाही.

"काकू, हे कायले घातलं?" मी विचारलं.

काकू बिचारी घाबरली. "अवं, उघड्या पत्र्याले हात लागला की झिणझिण्या येत. अन् त्या भोकाईतून मुंग्या जात, धूळ जाय. घरचा कापूस होता. म्हटलं, जपावं."

"मंग दुकानात आणताना टोपडं कुठी रायते?" आपानं विचारलं.

"परक्याच्या दारी मळकं टोपडं घालून कसं न्यावं? धुऊन, घडी करून ठेवते. अन् आज तुमी आल्या, तं तुमच्यापुढं कसं ठेवावं?"

म्हणजे पाहा. डबा वाशीमला यायचा तो नेहमी न्हाऊमाखू घालून, उघड्या अंगानं. आजार घरी ठेवून पोर तेवढं डॉक्टरकडे यायचं. आपाला दिसणार तरी काय!

आणि काकूच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी ते टोपडं पाहिलं होतं. कुणी पिवळं शिवलं, कुणी झालर लावली. गावात जितके डबे, तितकी टोपडी.

मला वाटलं, आता आपा झापणार. तिची भाकर जाणार होती या कापसापायी. पण ती काकूजवळ बसली, डबा मांडीवर घेतला, आणि काकूचा हात धरून एकेका भोकावरून फिरवला. कोमट वारा लागत होता.

"हे त्याचं नाक हाय, बाई. मी पाडलं, पन कोनाले सांगतलं नाई. मले वाटलं, सगळ्याईले माहीत असन." मग म्हणाली, "जपनं वाईट नाई. पन हिवातलं टोपडं तापात घालत नाई ना आपुन? अन् झिणझिण्याचं मी पाहते. खालून लाकडाची फळी देते."

काकूनं डोळे पुसले. "मंग उघडंच ठेवू का? बरं नाई दिसत."

आपानं डबा फिरवून पाहिला. "दोऱ्याची जाळी ईन. मोठ्या घरांची. दिसन बी, अन् दम बी घेईन."

त्या दुपारी आम्ही घरोघर गेलो. आपा पुढे, काकू मागे, आणि दर घरानंतर बायकांची रांग वाढत गेलेली. आपा टोपडं सोडायची आणि म्हणायची, "करंडा आना." त्याच घरच्या करंड्यातलं मेण घ्यायची, डब्याच्या माथ्यावर टिकली लावायची आणि तिच्यावर अंगठा दाबायची. अंगठ्याच्या रेघा मेणात उमटायच्या.

"रेघा हाय तवरोक डबा बरा. रेघा पुसल्या, तं समजा ताप चढला. मेण ओघळाची वाट नका पाहू. बंद करा, अन् कुठी कोंडला ते पाहा."

एक म्हातारी म्हणाली, "मुसलमानाच्या बाईनं आमच्या डब्याले टिकली लावली, वं माय."

आपा म्हणाली, "मले लावता येत नाई, तं डब्याले लावते, आजी." साऱ्या बायका हसल्या, म्हातारीही हसली.

परत आल्यावर सेठनं विचारलं, "काय बिघाड निघाला, आपा?"

"काई नाई सेठ. लाड जास्त झाला होता."

त्यानंतर टिकली लावल्याशिवाय आपाचा डबा घराबाहेर पडला नाही. मेण माझ्या करंड्यातलं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, इंझोरीचा एकच डबा परत आला. सेठ तो हातात घेऊन स्वतःच आला. आपानं आधी टिकली पाहिली. रेघा शाबूत. "याले ताप नाई," म्हणाली, आणि खोलून पाहिलं तर उंदरानं बाहेरची तार कुरतडलेली. सेठ तिथंच ओट्यावर बसला आणि त्यानं पाणी मागितलं. पुढे तो गिऱ्हाइकाला डबा देताना स्वतःच सांगू लागला, "अंगठा पाहून घ्या. अंगठ्याशिवाय घेऊ नका."

मियाँ गेल्यावर आपाची लेक तिला अकोल्याला घेऊन गेली. जाताना एक डबा माझ्या हातात ठेवला. "तुह्याच मेनाचा हाय," म्हणाली. मग काही वर्षांनी खबर आली. मी जाऊ शकले नाही. पण त्या दिवशी रेडिओ लावला नाही, एवढं केलं.

परवा, ऐन मे महिन्यात, नातीचा संगणक आपोआप बंद पडत होता. ती म्हणाली, "आजी, आतला विजेचा डबा तापतोय. हे बघ, आकडा चढतोय." पडद्यावर खरंच आकडा दिसत होता. मला फार आवडलं. मी टेबलाखालच्या कपाटात हात घातला, पालथा. चहाचा कप! सूनबाईनं धूळ नको म्हणून कपाट बंद ठेवलेलं, संगणकाच्या पेटीवर भरतकामाचं कापड घातलेलं. आम्ही दोघींनी मिळून पेटी बाहेर काढली, भिंतीपासून सरकवली. मग ती आकडा पाहत बसली आणि मी हात लावून बसले. ती म्हणाली, "उतरला." त्याच वेळी माझा हातही म्हणाला, उन्हातली भिंत.

"हे तुला कुणी शिकवलं, आजी?"

मी फळीवरचा आपाचा डबा काढला. पत्रा गंजलाय, जाळी पिवळी पडलीय. टिकलीवर धूळ होती, ती फुंकली. नातीनं मोबाइलचा उजेड धरला.

अंगठ्याच्या रेघा एकूण एक मोजता येत होत्या.