नखाएवढी गोगलगाय

ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या सखुबाईच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची: ज्यांना मासा कळतो ती, आणि बाकीची बिनकामाची. बिनकामाच्यांत तिनं आजवर एक बँक मॅनेजर, दोन नगरसेवक आणि तिचेच डोळे तपासणारा डॉक्टर एवढ्यांना बसवलं होतं. घाटकोपरच्या बाजारात चाळीस वर्षं पाटी मांडून बसलेली बाई ती. गिऱ्हाईक कल्ले न बघता नुसती शेपटी दाबायला लागलं की ती तोंड फिरवायची आणि शेजारणीला म्हणायची, हे चुकून भाजीबाजारातनं इकडे आलं गं.

अशा बाईच्या नातीनं, निशानं, लग्नासाठी निवडला कोण, तर भांडुपचा सुयोग. कांजूरमार्गच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा, मूळचा मालवणकडचा, आजोबा गिरणीत होते. जातीचं सखुबाईनं कसंबसं गिळलं असतं. पण दोघांची ओळख कुठे झाली, तर एका गेममध्ये. त्या गेममध्ये म्हणे प्रत्येकाला एक बेट मिळतं. तिथे झोपडी बांधायची, झाडांना पाणी घालायचं आणि दर्यात बुडी मारून बारके बारके जीव धरायचे. बरं, धरून करायचं काय? खायचे नाहीत, विकायचे नाहीत, संग्रहालयात नेऊन काचेच्या पेटीत ठेवायचे. "मग धरतो कशाला?" सखुबाईनं निशाला विचारलं होतं. एकोणतीस वर्षांचा बाप्या आणि हे धंदे. सखुबाईनं त्याच दिवशी त्याला बँक मॅनेजरच्या शेजारी नेऊन बसवलं.

पण गोष्ट तोंड फिरवण्यावर भागणारी नव्हती. निशा पाच वर्षांची असताना तिचा बाप, म्हणजे सखुबाईचा थोरला, गेला. आई माहेरी गेली ती गेलीच. पोरीला वाढवलं ते आजीनं, बाजारात मांडीवर घेऊन. त्यामुळे निशानं तिला सरळ सांगितलं होतं, तू नाही म्हणालीस तर मी हे लग्न करणार नाही, पण मग दुसरा कुणी दाखवायचाही नाही. पोर शब्दाला पक्की होती, हे सखुबाईला ठाऊक होतं, कारण पक्कं राहायला तिनंच शिकवलं होतं.

आणखीही एक गोष्ट तिनं शिकवली होती. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. माशाच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी असतात, त्या दिवसांत जाळं पाण्याला लावायचं नाही. हा नेम अख्खा कोळीवाडा पाळतो असं म्हणायचं, पण नेमाची चौकीदार सखुबाई. कुणाची होडी हलल्याचा नुसता संशय आला, तरी ती त्याच्या दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सुयोग आईला, नलिनीताईंना, घेऊन रीतसर आला. सखुबाईनं मुद्दाम निवट्यांचं कालवण केलं होतं. खाडीच्या चिखलातला तो लिबलिबीत मासा बघून भल्याभल्यांची तोंडं वाकडी होतात. या पठ्ठ्यानं दोनदा मागून खाल्लं, काटे ताटाच्या कडेला नीट ओळीनं लावले. सखुबाईला याचा रागच आला. बोलायला जागाच ठेवेना मेला. तेव्हा तिनं जेवण झाल्यावर हुकूम सोडला, "दाखव बघू तुझा दर्या."

सुयोग लाजला, पण त्यानं पिशवीतून तो हातात मावणारा गेम काढला. सखुबाईनं चष्मा लावला. बाजूला तिचा धाकटा, पिंटू, पाय पसरून बसला होता, तोही वाकून बघू लागला. पडद्यावर संग्रहालय होतं. खेकडे, कालवं, तारामासे, एकेका काचेत एकेक, खाली नावं. चाळीस पेट्या होत्या, एकोणचाळीस भरलेल्या. सखुबाईची नजर बाजारातली, ती नेमकी रिकाम्या पेटीवर गेली.

तिनं विचारलं, हितं काय. सुयोग म्हणाला, निळी गोगलगाय, समुद्रातली, नखाएवढी असते. फक्त जुलैत दिसते. राहून गेली.

झालं. सखुबाईला हवं होतं ते घावलं. मग तिच्या तोंडाचा पट्टा असा काही सुटला की विचारता सोय नाही. म्हणाली, विजेवर चालणारा दर्या, त्याला ना वारा ना लाट. पायाला कालवाची धार लागत नाही, हाताला खेकडा चावत नाही. गादीवर लोळून अंगठे हलवायचे, तेवढ्यातही याला नखाएवढी गोगलगाय धरता आली नाही, आणि हा माझी नात सांभाळणार. पिंटू मांडीवर थाप मारून खो खो हसला. नलिनीताईंचा चेहरा उतरला. सुयोगनं पडदा बंद केला.

निशा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "घावली नाय असं नाय, आजी. त्यानं धरली नाय."

मग तिनं सगळं सांगितलं. जूनमध्ये तिनं त्याला आपल्याकडचा नेम सांगितला होता, सहज, बोलता बोलता. तो म्हणाला, तुमचा दर्या बंद तर दरवर्षी माझाही बंद. नारळी पौर्णिमेपर्यंत तो त्या खोट्या पाण्यातसुद्धा उतरला नाही. आणि ती गोगलगाय जुलैशिवाय दिसतच नाही. म्हणजे ती पेटी पुढच्या वर्षीही रिकामी, त्याच्या पुढच्याही. कायमची.

पिंटूचं हसू मध्येच तुटलं. त्यानं पाय आखडून घेतले.

कारण या जुलैत भर पावसात पहाटे खाडीत एक होडी गेली होती, ती पिंटूची. आणि त्यानं आणलेली अंड्यांनी पोट फुगलेली बोय मासळी ओल्या गोणपाटाखाली झाकून घाटकोपरला नेणारी बाई दुसरी तिसरी कुणी नव्हती. एकदाच, म्हणाली होती सखुबाई. तिथे पाटीवर बसून "गाबोळीची बोय" अशी आरोळीही तिनंच दिली होती, आणि महिन्याभरानं नऊवारी नेसून, अंगावर सोनं घालून, नारळाच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढेही तीच होती. ती मासळी नेलेला टब धुऊन ठेवला होता निशानं. त्या दिवशी पोर एक अक्षर बोलली नव्हती. आताही तिनं तेवढं सांगितलं नाही.

सखुबाईला लाज वाटली. सत्तरीला टेकलेल्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या बाईला परक्या माणसांसमोर कानापर्यंत लाज वाटली. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. समोर तो येडा पोरगा पाण्याचा पेला हातात धरून बसला होता. त्याला नावं ठेवायला तिच्याकडे शब्द उरला नव्हता. शब्द होते ते सगळे घरच्यांनाच लागू पडत होते.

"नलिनीताई," ती शेवटी म्हणाली, "तारीख काढा." आणि जरा थांबून, "पुढच्या नारळी पुनवेला आमच्या घरचा नारळ दर्यात सुयोग सोडील."

पिंटू चपापला. घरात मुलगा असताना नारळ जावयानं सोडायचा?

"तू नाय, पिंटू," सखुबाई म्हणाली. "आनि मी बी नाय."