मावशीचं पान काढलं तेव्हापासून

पंचफुला मावशीचं नाव आधी लिहितो, कारण मी जो काही आहे तो तिच्यामुळे आहे. ती माझी सख्खी मावशी नाही. झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनपासून सात-आठ किलोमीटरवर एक वसतिगृह आहे, तिथे ती स्वयंपाक करायची. गावाचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी — संस्था नव्हती, इमारत नव्हती, तेव्हा लांबच्या वस्त्यांवरून शाळेसाठी आलेली सहा पोरं मावशीने स्वतःच्या दोन खोल्यांत ठेवून घेतली होती. वसतिगृह तिथून सुरू झालं. संस्था नंतर आली आणि कागदावर मावशी 'स्वयंपाकीण' झाली.

मावशीला लिहिता-वाचता येत नाही. तरी तिच्या चुलीजवळ एक वही असायची. जेवून उठलं की प्रत्येकाने त्यात आपलं नाव आपल्या हाताने लिहायचं. मावशी ओळी मोजायची. एक ओळ कमी भरली की म्हणायची, "ज्याचं नाव वहीत नाइ, तो उपाशी हाय," आणि कंदील घेऊन शोधायला निघायची.

पाचवीत असताना मी वसतिगृहातून पळालो. मुकुटबनच्या बसथांब्यावर रडत बसलो होतो. दिवस मावळता मावळता मावशी पायी आली. एका हातात डबा आणि काखेत वही.

"जेव. नाव लिही. मंग जा कुठं जाचं तं."

मी जेवलो, नाव लिहिलं आणि तिच्या मागे मागे परत आलो. त्या दिवशी एसटी मिळाली असती तर आज मी इंजिनिअर नसतो. आमच्या घरात दहावी पास झालेलाही मी पहिलाच.

आता मूळ अनुभव. मी असल्या गोष्टी मानत नाही. आमचं बौद्ध घर. अंगारा, उतारा, बाहेरचं — हे सगळं आजोबांनीच बंद केलं. ह्या सदरातले अनुभव मी वाचायचो ते हसायला. म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. काही वाढवत नाही.

यवतमाळला दत्त चौकाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. मालक सागरभाऊ, सोबत अश्विनी आणि मी. शाळा-कॉलेजांच्या वेबसाइट आम्ही करतो. ज्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी माझ्या लॅपटॉपवर कोड लिहितो. केलेल्या प्रत्येक बदलाची गिट नावाच्या प्रणालीत नोंद होते — कोणी केला, कधी केला, काय केला. त्या नोंदीला कमिट म्हणतात. मग ते सगळं मुंबईच्या सर्व्हरवर ढकलायचं, म्हणजे पुश करायचं. काही सेकंदांत साइट बदलते. सर्व्हरमध्ये शिरायची किल्ली, म्हणजे एक गुप्त फाइल, फक्त दोन मशीनवर होती, माझ्या आणि अश्विनीच्या.

गिट शिकताना मला काहीच अवघड गेलं नाही. मला ती मावशीची वहीच वाटली.

नोकरीला लागल्यावर मी पहिली साइट केली ती माझ्याच वसतिगृहाची. त्यात मावशीचं एक पान केलं — सहा पोरं, दोन खोल्या, सगळं. गॅलरीत एक फोटो टाकला. पंगत बसली आहे, मावशी उभी आहे, आणि तिचा हात माझ्या चकोट केलेल्या डोक्यावर आहे. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी काढलेला हा फोटो. त्याची एकच प्रत, मावशीच्या पेटीत. मीच ती आणून, स्कॅन करून परत दिली होती. अश्विनी त्या फोटोवरून मला 'चकोट्या' म्हणून चिडवायची.

जुने अध्यक्ष होते तोवर ह्या पानाला कोणाची हरकत नव्हती. ते वारले आणि त्यांचा मुलगा अध्यक्ष झाला. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला ते आमच्या ऑफिसात आले.

"रोशन न तू? आमच्याच वसतिगृहातला? चांगलं झालं. घरचाच माणूस हाय. ते स्वयंपाकिणीचं पान काढून टाक. रौप्यमहोत्सवाले मोठे लोक येऊन राह्यले. संस्था आमच्या बाबानं काढली, असं ठेव."

"साहेब, पण सुरुवात तर मावशीनेच..."

ते हसले. "भाकरी थापल्यानं संस्था निघत असती, तं गावातल्या साऱ्या बाया अध्यक्ष झाल्या असत्या. काय सागरभाऊ?"

सागरभाऊ हसले नाहीत, पण माझ्याकडे पाहिलं. त्या अध्यक्षांच्या हातात पाच शाळांचं काम होतं. आमचं अर्धं ऑफिस त्यावर चालायचं.

"आमचंच मीठ खाऊन मोठा झाला न बे तू?" अध्यक्ष म्हणाले. "मंग एवढं कर."

मीठ मावशी टाकायची. हे मी बोललो नाही. मी पान काढलं. कमिटमध्ये लिहिलं, 'मावशीचे पान काढले', आणि पुश केलं. साइटवरून पान गेलं. अध्यक्षांनी आपल्या फोनवर पाहून खात्री केली आणि ते निघून गेले.

दीड वाजता त्यांचा फोन आला. पान परत आलं होतं. त्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. मी घाईने पुन्हा पान काढून पुश केलं, तर सर्व्हरने ते घेतलंच नाही. संदेश आला की सर्व्हरवर असं काही काम आहे जे तुमच्याकडे नाही. दोघं जण एकाच साइटवर काम करत असले की असा संदेश येतो. मी ते काम खाली ओढून पाहिलं. एकच कमिट होतं. त्यात मावशीचं पान परत ठेवलं होतं. करणाऱ्याचं नाव — माझं. वेळ एक वाजून वीस मिनिटं. खाली लिहिलेलं — 'काढू नको.'

एक वाजून वीस मिनिटांनी मी अश्विनीसोबत खाली चहाच्या टपरीवर उभा होतो. लॅपटॉप वर, बंद.

"तूनंच केलं असन बे," अश्विनी म्हणाली. "मन खात असन तुले."

"मी तुझ्यासमोर चहा पिऊन राह्यलो होतो न?"

"हाव. तेही खरंच."

आम्ही सर्व्हरच्या किल्ल्या बदलल्या. नवी किल्ली फक्त माझ्या मशीनवर ठेवली. कोण आत आलं, कोण गेलं याची सर्व्हर नोंद ठेवतो. ती पाहिली, तर माझ्या सकाळच्या पुशनंतर दीडपर्यंत कोणीही आलं नव्हतं. मी पान पुन्हा काढलं, पुश केलं आणि लॅपटॉपचं वायफाय बंद केलं. आम्ही दोघं अश्विनीच्या फोनवर साइट उघडून बघत बसलो. चार वाजता, आमच्या डोळ्यांसमोर, पान परत आलं.

ह्या वेळी लिहिलं होतं — 'पुन्हा काढशील तर तुझं काढीन.'

अश्विनीने खुर्ची मागे सरकवली. "रोशन, राहू दे. सागरभाऊले सांग आपल्यानं होत नाइ म्हणून."

मी ऐकायला हवं होतं. पण भीती वाटली नाही, राग आला. अध्यक्षांचा, सागरभाऊंचा, स्वतःचाही... आणि तो सगळा राग मी त्या पानावर काढला. गिटमध्ये एक वाट असते. सगळ्या जुन्या नोंदी मोडायच्या, आज आहे तेवढ्यावरून नवी सुरुवात करायची आणि ती जबरदस्तीने सर्व्हरवर ढकलायची. मग काढलेलं पान नुसतं काढलेलं राहत नाही. ते कधी नव्हतंच, असं होतं.

"हे नको करू," अश्विनी म्हणाली. "तू पान नाइ काढून राह्यला. तू वहीच जाळून राह्यला."

मी केलं. तिच्या मशीनवरची जुनी प्रतही मीच पुसून नवी दिली. वेगळा बॅकअप आमच्याकडे नव्हता.

पान परत आलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले. सागरभाऊ पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास, पोट्टा कामाचा हाय!"

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काही किरकोळ बदलासाठी नोंदी उघडल्या. नव्या वहीत एकच कमिट होतं, माझं. त्यावर माझं नाव नव्हतं. नावाची जागा रिकामी होती. खाली मी 'पहिली नोंद' असं लिहिलं होतं. तिथे आता लिहिलं होतं — 'हा उपाशी आहे.'

मी साइट उघडली. माजी विद्यार्थ्यांच्या पानावर माझी चार ओळींची माहिती होती, ती नव्हती. मग गॅलरी उघडली.

पंगतीचा फोटो जागेवर होता. मावशी उभी होती. डावीकडचा पोरगा होता, उजवीकडचा होता. मध्ये एक ताट होतं, ताटात भाकर होती, बेसन होतं. ताटामागे कोणी नव्हतं, नुसती भिंत दिसत होती. आणि मावशीचा हात त्या रिकाम्या जागेवर, एका पोराच्या उंचीएवढा, तसाच अधांतरी होता.

कोणीतरी फोटोत छेडछाड केली असं म्हणावं, तर गिटच्या हिशेबाने त्या फाइलमध्ये कधीच बदल झाला नव्हता. आधीचा फोटो काढून शेजारी ठेवून पाहावं, तर आधीचं सगळं मीच जाळलेलं.

अश्विनीला बोलावलं. तिने फोटो मोठा करून पाहिला.

"इथं तू होता?"

"चकोट्या म्हणत होती न तू मला ह्याच फोटोवरून!"

"कोण चकोट्या?" ती म्हणाली.

ती मस्करी करत होती की नाही, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

त्याच वेळी बसून मी मावशीचं पान आठवून आठवून पुन्हा लिहिलं. कमिट केलं, पुश केलं. सर्व्हर म्हणाला, सगळं अद्ययावत आहे, पाठवण्यासारखं काही नाही. पुन्हा केलं. तेच उत्तर. सात वेळा केलं. मी लिहिलेलं तिकडे पोचतच नव्हतं. शेवटी नवी किल्ली अश्विनीला दिली. तिने तोच मजकूर तिच्या मशीनवरून पाठवला आणि तो एका झटक्यात गेला. अध्यक्षांनी त्याच आठवड्यात पाचही शाळांचं काम आमच्याकडून काढून घेतलं. पण साइट दुसरीकडे नेली तरी मावशीचं पान तिथे आहे, मी रोज पाहतो. त्यांना ते का निघत नाही, हे मला माहीत नाही. सागरभाऊंनी मला कामावरून काढलं नाही, पण तेव्हापासून माझ्याशी ते कामापुरतंही धड बोलत नाहीत. समोर बसलो असलो तरी काम अश्विनीला सांगतात.

बाहेरच्या कोणी साइट फोडली म्हणावं, तर वऱ्हाडातल्या एका स्वयंपाकिणीच्या पानासाठी कोण एवढं करेल? अश्विनीने केलं म्हणावं, तर चार वाजता तिचे दोन्ही हात माझ्यासमोर होते. माझ्याच हातून भ्रमात झालं म्हणावं, तर फोटोचं काय? आणि मावशीने कोणाला सांगून करवलं म्हणावं, तर तिला वेबसाइट म्हणजे काय तेही माहीत नाही. ती घाटंजीला भाचीकडे, छकुलीकडे असते. शिवाय ती कोणाला धमकी देईल, हे मला मरेपर्यंत पटणार नाही. मग तिची ती वही कोण चालवत होतं? मला माहीत नाही. मानणाऱ्यांनी मानावं, हसणाऱ्यांनी हसावं. मीही हसायचो.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही, ती शेवटी मावशीला पत्रात लिहिली. गेल्या आठवड्यात हे पत्र पोस्टात टाकलं. त्याची नक्कल खाली देतो.

मावशीस जयभीम.

हे पत्र तुले छकुली वाचून दाखवन. छकुले, मंधात थांबू नको. वाईट लागलं तरी आखरीवरी वाचजो.

मावशी, म्या तुह्यं पान काढलं. कोणी हात धरून नाइ काढलं, म्याच काढलं. नोकरी जाइन म्हणून काढलं. तू बसथांब्यावर आली तवा काखेत वही घेऊन आली होती, अन् म्या तुह्या नावाची वही जाळली. आता तुह्यं पान परत लावलं हाय, पण ते माह्या हातानं नाइ लागलं.

फोन केला असता, पण तू लगेच 'काइ नाइ होत रे बाप्पा' म्हणून ठेवून देला असता. अन् मले आता पडद्यावरच्या कोणत्याच गोष्टीचा भरोसा नाइ. म्हणून कागदावर लिहितो.

त्या दिवसापासून माह्यं पोट भरत नाइ. चार भाकरी खाल्ल्या तरी उपाशी उठल्यासारखं वाटते. डॉक्टरले दाखवलं, त्याइले काइ सापडलं नाइ.

तुले वाचता येत नाइ, पण पाहता तं येते. तुह्या पेटीत तो पंगतीचा फोटो हाय. तो काढ. उजेडात घेऊन पाह. छकुलीले नको पाहू देऊ, तूच पाह. तुह्या हाताखाली कोणी बसला हाय का?

असन, तं मी रविवारी जेवाले येतो.

नसन, तरी एक भाकर जास्तीची टाकजो.

तुहा,
रोशन